गेममधलं पात्र खरंच किती वेगाने पळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेममधल्या पात्रांचा वेग खऱ्या भौतिकशास्त्राने मोजायचा नाद मला बरीच वर्षं आहे. त्याबद्दल विद्यार्थी, त्यांचे पालक आणि गेम खेळणारी मित्रमंडळी यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट आधी सांगून झाली असेल तर तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शाळेत आपण चाल आणि वेग यांत फरक करतो. इथे दिशेचा प्रश्न नसेल तिथे मी दोन्हीला वेगच म्हटलंय.

१. पात्र तर पडद्याच्या मधोमध उभं असतं, मागचं चित्र सरकतं. मग वेग कोणाचा मोजायचा?

जमिनीच्या तुलनेत पात्राचा. लोकलच्या खिडकीत बसल्यावर प्लॅटफॉर्म मागे पळताना दिसतो, तरी धावते ती गाडी. तसंच हे. जमिनीवरची एखादी ठळक खूण पकडा, म्हणजे झुडूप, वीट किंवा पाइप, आणि ती एका सेकंदात किती सरकली ते पाहा. पात्र आणि जमीन दोन्ही हलत असतील तर दोन्ही अंतरांची बेरीज घ्या. पार्श्वभूमीचे डोंगर आणि ढग मुद्दाम हळू सरकवलेले असतात, म्हणजे खोली असल्याचा भास होतो. त्यांच्यावरून मोजलंत तर उत्तर हमखास कमी येईल.

२. सुरुवात कुठून करू? घरी काय काय लागेल?

खेळ नोंदवणारं स्क्रीन रेकॉर्डिंग, एकेक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) पुढे नेता येईल असा व्हिडिओ प्लेयर आणि कागद-पेन. बस. पहिला प्रयोग इंटरनेट गेल्यावर क्रोम ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या डायनोवर, म्हणजे छोट्या टी-रेक्सवर, करा. तो सगळ्यांकडे असतो आणि त्यात घोळ कमी. लॅपटॉपवर करा, कारण फोनवर वेगाचं गणित थोडं वेगळं पडतं.

मी भाचीला शिकवलं तेव्हा पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी कापली, पडद्यावरच्या डायनोच्या पायापासून डोक्यापर्यंतची उंची तिच्यावर पेनने उतरवली आणि त्याच मापाच्या खुणा पट्टीभर मारल्या. पट्टी आडवी धरली की निवडुंग किती ‘डायनो’ सरकला ते थेट मोजता येतं. अशाने पडद्यावरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, मोजायची भानगडच उरत नाही. पडदा लहान असो की मोठा, गुणोत्तर तेच राहतं.

खेळ सुरू होतो तेव्हा जमीन दर सेकंदाला डायनोच्या उंचीच्या सुमारे ७.७ पट सरकते. टी-रेक्सची उंची ४ मीटर धरली तर वेग आला सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी ११० किमी. खेळ हळूहळू वेग वाढवतो आणि साधारण दोन मिनिटांत कमाल मर्यादा गाठतो. तेव्हा हिशोब ताशी २४० किमीच्या घरात जातो. २००२ साली हचिन्सन आणि गार्सिया या संशोधकांनी स्नायूंच्या ताकदीवरून खऱ्या टी-रेक्सचा अंदाज बांधला होता. त्यात सेकंदाला ११ मीटर, म्हणजे ताशी ४० किमी, ही वरची मर्यादा होती.

रेकॉर्डिंगबद्दल एक खबरदारी घ्या. फोन दर सेकंदाला ३० फ्रेमच नोंदवत असेल आणि तुम्ही ६० समजून मोजलंत, तर उत्तर दुप्पट येईल. फाइलची माहिती उघडून फ्रेमदर आधी पाहून घ्या.

३. एक पिक्सेल म्हणजे किती सेंटिमीटर, हे ठरवायचं कसं?

सगळं उत्तर या एका निर्णयावर टांगलेलं असतं. वेळ घड्याळाने मोजता येतो, पडद्यावरचं अंतर पट्टीने मोजता येतं. प्रमाण मात्र आपणच निवडतो. म्हणून निवडलेलं प्रमाण उत्तराशेजारी लिहायचंच, असा माझा आग्रह असतो. ‘मारिओ ताशी २५ किमी वेगाने पळतो’ हे वाक्य अर्धं आहे. ‘मोठ्या मारिओची उंची दीड मीटर धरल्यास’ हे जोडलं की ते पुरं होतं आणि दुसऱ्याला तपासता येतं.

गेम बनवणाऱ्यांनीच माप दिलं असेल तर तेच घ्या (प्र. ९). नकाशावर अंतर छापलेलं असेल तर तेही भरवशाचं (प्र. ११). यांतलं काहीच नसेल तर पात्राची उंची धरावी. दारं, खुर्च्या, गाड्या यांच्यावरून प्रमाण काढायचा मोह होतो, पण त्रिमितीय गेममध्ये खोल्या आणि दारं बरेचदा मुद्दाम ऐसपैस ठेवतात, कारण पात्राच्या मागून येणारा कॅमेराही तिथून जायचा असतो. गुरुत्वाकर्षणावरून प्रमाण काढायची एक चौथी वाट आहे, आणि मला ती सगळ्यात आवडते. तिच्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

४. पात्राच्या उडीवरून त्याची उंची काढता येते असं ऐकलं. ते कसं?

पृथ्वीवर कुठलीही वस्तू सोडली तर पहिल्या सेकंदात ती ४.९ मीटर खाली येते. हवेचा विरोध सोडला तर हे सगळ्या वस्तूंना सारखंच लागू. पडण्याचं अंतर म्हणजे अर्धा गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. म्हणून पात्र उडीच्या माथ्यावरून जमिनीला टेकेपर्यंत किती वेळ लागला हे कळलं, की ती उडी खऱ्या जगात किती उंच असायला हवी हे कळतं. त्या उंचीवरून पिक्सेलचं माप मिळतं.

डायनोवर करून पाहू. त्याची उडी स्वतःच्या उंचीच्या साधारण १.८ पट असते आणि माथ्यावरून खाली यायला त्याला सुमारे १७ फ्रेम लागतात, म्हणजे ०.२८ सेकंद. खऱ्या पृथ्वीवर ०.२८ सेकंदात वस्तू जेमतेम ३९ सेंटिमीटर पडते. उडी ३९ सेंटिमीटरची, तर डायनो सुमारे २२ सेंटिमीटरचा! म्हणजे घरच्या तलंगेपेक्षाही थोडा बुटका. याच प्रमाणाने त्याचा सुरुवातीचा वेग ताशी ६ किमी आणि कमाल वेग ताशी १३ किमी येतो, जो कोंबडीला जमतो. पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज, त्यामुळे हे उत्तर पहिल्यांदा आलं तेव्हा मी वहीत त्याच्याभोवती चौकट काढली होती.

उलट डायनो ४ मीटरचाच आहे असा हट्ट धरला, तर त्याच्या जगात गुरुत्व पृथ्वीच्या अठरापट निघतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. उंची खरी धरा किंवा गुरुत्व खरं धरा. हा पेच पुढे जवळपास प्रत्येक गेममध्ये भेटणार आहे.

५. मग मारिओचा वेग किती?

१९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सपुरतं बोलतो, कारण त्या गेमची आतली गणितं चाहत्यांनी अगदी बारकाईने उलगडली आहेत. बटण दाबून पळताना मारिओ दर फ्रेमला सुमारे अडीच पिक्सेल जातो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे १५० पिक्सेल. मशरूम खाल्लेला मोठा मारिओ ३२ पिक्सेल उंच असतो. त्याला दीड मीटरचा धरला तर वेग सेकंदाला ७ मीटर, ताशी २५ किमी. बऱ्यापैकी तयारीचा माणूस थोडा वेळ एवढं पळू शकतो.

पण मूळचा मारिओ लहान, १६ पिक्सेलचा. दीड मीटर ही त्याची उंची धरली तर तोच वेग दुप्पट, म्हणजे ताशी ५० किमी होतो. यातला ‘खरा’ मारिओ कोणता, हे भौतिकशास्त्र सांगत नाही. मी मोठा मारिओ घेतो, कारण त्याच्या अंगाचं प्रमाण माणसाच्या जास्त जवळ जातं.

आता गुरुत्व. उडीचं बटण दाबून धरलं असताना वर जाणाऱ्या मारिओवर दर फ्रेमला सुमारे ०.१२५ पिक्सेल एवढं त्वरण असतं, आणि खाली येताना ते ०.४३७५ होतं (उभ्या जागच्या उडीसाठी). म्हणजे वर जाताना एक गुरुत्व आणि खाली येताना त्याच्या साडेतीनपट दुसरं! दीड मीटरच्या मारिओसाठी ते पृथ्वीच्या अनुक्रमे दुप्पट आणि साडेसातपट येतं. हा दोष नाही. बोट जितका वेळ बटणावर, तितकी उंच उडी, आणि उतरताना चटकन जमीन, म्हणून हात बसतो.

खाली येतानाचं गुरुत्व पृथ्वीचं मानलं तर एक पिक्सेल ६ मिलिमीटरचा होतो. मारिओ २० सेंटिमीटरचा आणि तो डोक्याने फोडतो ती वीट १० सेंटिमीटर उंचीची. आपल्याकडे बांधकामावर येणाऱ्या मॉड्युलर विटेचं तोंड ९ बाय ९ सेंटिमीटर असतं. गुरुत्वाच्या मापाने मारिओ बाहुलीएवढा झाला, पण वीट मात्र खऱ्या मापाला आली. त्या हिशोबाने पळण्याचा वेग ताशी ३.४ किमी, म्हणजे आपली रमतगमत चाल.

एक बारकावा: हा गेम ज्या निन्टेंडोच्या यंत्रावर चालायचा, त्याचे पिक्सेल जुन्या टीव्हीवर चौरस दिसत नव्हते. रुंदी आणि उंचीचं प्रमाण ८ ला ७ असं होतं. टीव्हीवरचं चित्र खरं मानायचं तर आडवा वेग आणखी १४ टक्क्यांनी वाढवा, म्हणजे २५ चे २९ होतील.

६. लहानपणी आमच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेममध्ये मारिओ हळू पळायचा. हा भास आहे का?

नाही, बहुधा तुमची आठवण बरोबर आहे. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा यायचं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे ५० वेळा. बाजारातून आणून टीव्हीला जोडायचे ते स्वस्त डबे बरेचदा जपानी-अमेरिकी गेमच ५० च्या तालावर चालवायचे. फ्रेमला अडीच पिक्सेल हा हिशोब तसाच, पण फ्रेम कमी. म्हणून १५० ऐवजी १२५ पिक्सेल, आणि ताशी २५ किमीचे २१. संगीतही संथ व्हायचं.

गुरुत्वावर याचा परिणाम जास्त होतो, कारण त्वरणात वेळेचा वर्ग येतो. पाच षष्ठांशाचा वर्ग सुमारे ०.६९. म्हणजे वेग १७ टक्क्यांनी घटला, तरी गुरुत्व ३१ टक्क्यांनी घटलं. उड्या तरंगत्या वाटायच्या त्या यामुळे. युरोपात विकलेल्या काही अधिकृत कॅसेटींत आकडे ५० साठी सुधारलेले होते. तुमची आवृत्ती कोणती हे माहीत नसताना ६० ने गुणू नका.

७. सॉनिक ध्वनीपेक्षा वेगवान आहे ना?

सेगा कंपनीच्या गेममधला सॉनिक कथेत तसा आहे. १९९१ च्या पहिल्या गेममध्ये मोजलं तर नाही. तिथे पायांनी पळायचा कमाल वेग फ्रेमला ६ पिक्सेल, सेकंदाला ३६०. उभ्या सॉनिकची उंची आतल्या हिशोबात ३९ पिक्सेल, आणि सेगाने त्याची उंची १०० सेंटिमीटर दिलेली आहे. भागाकार केला की सेकंदाला ९.२ मीटर, ताशी ३३ किमी येतात. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा त्याचा सरासरी वेगच ताशी ३७.६ किमी होता. अंगाचा गोळा करून उतारावरून घरंगळताना सॉनिकची मर्यादा फ्रेमला १६ पिक्सेल, म्हणजे ताशी ८९ किमी. हा चित्त्याच्या जवळपासचा वेग झाला.

ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर. या गेमच्या मापात त्याचे फ्रेमला सुमारे २२३ पिक्सेल होतात. पडदाच मुळी ३२० पिक्सेल रुंद! एखादी खूण एका काठाने आत येऊन दीड फ्रेमच्या आत दुसऱ्या काठाने निघून जाईल. अशा वेगाने समोरचा खड्डा पाहून उडी मारणं कुणालाच शक्य नाही. गेमला वेग दाखवायचा असतो आणि खेळणाऱ्याला वेळही द्यायचा असतो, या ओढाताणीतून तो ६ चा आकडा आलेला आहे.

मला त्याच्या वेगापेक्षा त्याचा संयम जास्त भावतो. फ्रेमला ०.०४६८७५ पिक्सेल या दराने तो वेग घेतो आणि शिखरावर पोहोचायला १२८ फ्रेम लावतो, म्हणजे दोन सेकंदांहून जास्त. मारिओपेक्षा सॉनिक जड आणि खरा वाटतो तो इथे.

८. सॉनिक गोल लूपमध्ये उलटा होऊनही पडत नाही. हे शक्य आहे का?

शक्य आहे. लूपच्या माथ्यावर वेगाचा वर्ग हा गुरुत्व गुणिले त्रिज्या याहून कमी नको, एवढीच अट. लूपची उंची सॉनिकच्या पाचपट धरली तर त्रिज्या अडीच मीटर, आणि माथ्यावर लागणारा किमान वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकल भिंतीला धरून राहते तिथेही वेगामुळेच भिंतीचा दाब मिळतो, फक्त तिथे वजन पेलायचं काम टायरचं घर्षण करतं.

पहिल्या गेमने यासाठी साधा नियम ठेवलाय: चढ फार तीव्र असेल आणि वेग फ्रेमला अडीच पिक्सेलच्या खाली गेला, तर सॉनिक सुटून पडतो. म्हणजे सेकंदाला ३.८ मीटर. पृथ्वीच्या हिशोबाने ही थोडी सवलतच झाली. पण सॉनिकच्या जगातलं गुरुत्व पृथ्वीच्या दुप्पट निघतं (फ्रेमला ०.२१८७५ पिक्सेल), त्यामुळे तिथे खरं तर ७ मीटर हवेत.

९. माइनक्राफ्टमध्ये मोजणं सोपं का म्हणतात?

कारण त्या गेमचं जग चौकोनी ठोकळ्यांचं, म्हणजे ब्लॉकचं आहे, आणि एक ब्लॉक म्हणजे एक मीटर हे ठरलेलंच आहे. चालण्याचा वेग सेकंदाला ४.३१७ मीटर (ताशी साडेपंधरा किमी), पळण्याचा ५.६१२ मीटर (ताशी २० किमी), आणि उड्या मारत पळालं तर सुमारे ७.१ मीटर. शंभर ब्लॉकची सरळ वाट करा, स्टॉपवॉच लावा, उत्तर जुळेल. वर्गात मुलांकडून करून घ्यायला याच्याएवढा चांगला प्रयोग मला माहीत नाही.

प्रमाण पक्कं असल्यामुळे गुरुत्वाची फारकत इथे स्वच्छ दिसते. पडायला लागताना वेग दर सेकंदाला ३२ मीटर प्रति सेकंद एवढा वाढतो, म्हणजे गुरुत्व पृथ्वीच्या सव्वातीनपट. हवेचा विरोधही आहे, त्यामुळे खूप उंचावरून पडताना वेग ७८.४ मीटरवर स्थिरावतो. पोटावर आडवं पडून झेपावणारा खरा स्कायडायव्हर साधारण ५५ मीटरवर स्थिरावतो.

१०. माइनक्राफ्टमधला दिवस २० मिनिटांचा आहे. मग वेगालाही त्याच हिशोबाने भागायला नको का?

हा प्रश्न फार चांगला आहे. २४ तास २० मिनिटांत बसले म्हणजे काळ ७२ पट भरभर चालला. सूर्याचं घड्याळ खरं मानलं तर चालण्याचा वेग सेकंदाला ६ सेंटिमीटर होईल आणि दिवसभर न थांबता चालून पात्र जेमतेम ५.२ किमी जाईल. पण त्याच घड्याळाने एक ब्लॉक उंचीवरून पडायलाही कित्येक सेकंद लागतील. पडणं, उडी, पावलं हे सगळं आपल्या सेकंदांत नीट दिसतं, फक्त सूर्य घाईत आहे. म्हणून मी सूर्याला वगळतो आणि शरीराच्या हालचालीचं घड्याळ धरतो.

मारिओतही तसंच. कोपऱ्यातला ४०० वरून उतरणारा आकडा सेकंदाचा नाही. तो दर २४ फ्रेमला एकने घटतो, म्हणजे सुमारे ०.४ सेकंदाने. त्याला सेकंद समजून बरेच जण चुकतात.

११. बीजीएमआयमधलं (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) पात्र किती पळतं?

या गेममधला एरंगेल हा नकाशा ८ बाय ८ किमीचा, आणि त्यावरचा लहान चौकोन १०० मीटरचा. रिकाम्या हातांनी, सपाट रस्त्यावर, चौकोनाच्या कडेला समांतर पळा आणि वेळ लावा. मला १६ सेकंद मिळाले, म्हणजे ताशी २२ किमीच्या थोडं वर. निदान पाच चौकोन पळून सरासरी काढा.

हा आकडा किती मोठा आहे हे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना लगेच कळेल. तिथे पुरुष उमेदवाराला १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत पळाल्यावर पूर्ण गुण मिळतात, म्हणजे ताशी साडेअठरा किमी. गेममधला गडी पाठीवर भरलेली बॅग घेऊन याहून जोरात पळतो आणि त्याला धाप लागत नाही. एका क्षणाचा वेग माणसाच्या आवाक्यातला आहे. आवाक्याबाहेरचा आहे तो दम.

१२. फर्स्ट पर्सन गेममध्ये आपण पात्राच्याच डोळ्यांनी पाहतो, त्याचं अंगच दिसत नाही. तिथे काय करायचं?

तिथे गेमच्या आतलं एकक शोधावं लागतं. १९९३ च्या डूममध्ये पात्र ५६ एकक उंच आणि पळताना सेकंदाला सुमारे ५८३ एकक जातं. १.७५ मीटर उंची धरली तर ताशी ६५ किमी! शहरात मोटारसायकलनेही आपण एवढं जात नाही. त्यात पुन्हा एक खोच आहे. डूमचं ३२० बाय २०० चं चित्र चार-तीनच्या पडद्यावर उभं ताणलं जायचं, १.२ पट. दिसणारी उंची खरी मानली तर वेग ताशी ५५ किमीपर्यंत उतरतो.

काउंटर-स्ट्राइकमध्ये चाकू हातात असताना वेग २५० एकक. एक एकक एक इंच धरलं तर ७२ एककांचं पात्र सहा फुटी होतं आणि वेग ताशी २३ किमी. इमारतींसाठी मात्र १६ एकक म्हणजे एक फूट असा हिशोब वापरतात. त्या मापाने वेग ताशी १७ किमी, पण मग पात्र साडेचार फुटांचं उरतं. मी माणसाचा वेग माणसाच्या मापाने मोजतो, म्हणून २३.

१३. तिरकं पळालं की वेग वाढतो, हे खरं का?

जुन्या गेममध्ये खरं. डूममध्ये पुढे जाण्याचा जोर ५० आणि बाजूला सरकण्याचा ४० असा वेगवेगळा लावला जातो. दोन्ही कळा एकदम दाबल्या की पायथागोरसच्या नियमाने एकूण ६४, म्हणजे २८ टक्के जास्त. नंतरच्या बहुतेक गेमनी ही फट बुजवली. मोजताना म्हणूनच सरळ पळा, नाहीतर पळण्याची दिशा लिहून ठेवा.

१४. पात्राचे पाय जमिनीवरून घसरतात. पावलांवरून वेग काढता येईल का?

येईल, आणि हे तंत्र डायनोसॉरसाठीच जन्मलं आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये दाखवलं की पावलांच्या ठशांतलं अंतर आणि पायाची लांबी या दोनच गोष्टींवरून प्राण्याचा वेग काढता येतो. एकाच पायाच्या दोन ठशांतलं अंतर अडीच मीटर आणि कंबरेची उंची ९० सेंटिमीटर असेल, तर त्यांच्या सूत्राने वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर येतो. हा आकडा आणि जमीन सरकण्याचा वेग जुळला नाही, की पाय घसरताना दिसतात. १९८९ च्या प्रिन्स ऑफ पर्शियाचं पळणं आजही खरं वाटतं, कारण जॉर्डन मेकनर यांनी आपल्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून चित्रित केलं आणि त्यावरून पावलं काढली.

चालण्याला निसर्गाने हद्दही घातली आहे. चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो आणि शरीर त्याच्याभोवती कमानीसारखं फिरतं. वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्व गुणिले पायाची लांबी), हा फ्रूड अंक १ च्या वर गेला की शरीर जमिनीवरून सुटतं, म्हणजे ते चालणं राहत नाही. माणसं तर ०.५ च्या आसपासच पळायला लागतात, ताशी साडेसात किमीला. माइनक्राफ्टचं चालणं ४.३१७ मीटर, पाय साधारण ०.७ मीटर. पृथ्वीच्या गुरुत्वात फ्रूड अंक २.७, म्हणजे असं चालणं अशक्य. त्याच गेमच्या ३२ च्या गुरुत्वात तो ०.८३ येतो. म्हणजे त्या जगात ते चालणं चक्क शक्य आहे! जड जगात पाय जमिनीला धरून राहतात. उंची, गुरुत्व आणि वेग एकाच जगातले घेतले की असा मेळ अधूनमधून बसतो.

१५. गाड्यांच्या गेममध्ये काटा असतोच. तो खरा मानावा का?

तपासून. मोन्झासारखा खरा ट्रॅक असेल तर त्याची लांबी ठाऊक असते, ५.७९३ किमी. फेरी दीड मिनिटात झाली तर सरासरी ताशी २३२ किमी. काट्याची सरासरी याच्या आसपास असायला हवी. काल्पनिक रस्त्यावर गाडीची लांबी ४ मीटर धरून, प्र. २ सारखं मोजा.

१६. पात्राने गोळी चुकवली, वीज चुकवली. म्हणजे त्याचा वेग प्रचंड असणार ना?

या प्रश्नावर भांडणं होतात, म्हणून सावकाश सांगतो. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३७० मीटर जाते. १० मीटरवरून ती ०.०२७ सेकंदात पोहोचते. तेवढ्यात ३० सेंटिमीटर बाजूला व्हायचं तर सरासरी सेकंदाला ११ मीटर लागतात, तेही गोळी सुटल्याच क्षणी हालचाल सुरू झाली तर. माणसाला डोळ्यांनी पाहून हलायलाच ०.२ सेकंद लागतात. म्हणजे इथे पायांचा वेग फार नाही, प्रतिक्रिया अफाट आहे. या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. आणि पात्र चाप ओढण्याआधीच हललं असेल, तर दोन्ही हिशोब रद्द.

दुसरं असं की गेममधली गोळी डोळ्यांना दिसत असेल, तर ती ३७० मीटरने जात नाही हे उघड आहे. तिचाही वेग प्र. ३ च्या प्रमाणाने मोजा, मग पात्राशी तुलना करा. गोळीला खऱ्या जगातला आकडा चिकटवून पात्राचा वेग वाढवणं मला पटत नाही. एकाच चित्रात दोन प्रमाणं येतात. विजेचंही तेच. आकाशातून खाली उतरणारी पहिली वाट सेकंदाला सुमारे २०० किमी जाते, तर डोळे दिपवणारा लखलखाट त्या वाटेने परत वर चढताना सेकंदाला एक लाख किमीच्या घरात जातो. ‘विजेचा वेग’ म्हणताना यांतला कोणता, हेही सांगावं लागेल.

१७. उत्तर किती दशांशांपर्यंत लिहू?

बहुतेक वेळा दशांश नकोच. साठ फ्रेम मोजताना एक फ्रेम चुकली तर चूक पावणेदोन टक्के. टी-रेक्सची उंची ४ ऐवजी साडेतीन मीटर धरली तर फरक साडेबारा टक्के. मोठी चूक प्रमाणात असताना लहान आकडे कोरत बसण्यात अर्थ नाही. ‘ताशी ११०.३४’ असं आलं तर ‘ताशी सुमारे ११०, उंची साडेतीन ते ४ मीटर धरल्यास ९६ ते ११०’ असं लिहा. माइनक्राफ्टचे तीन दशांश चालतात, कारण तिथे प्रमाण ठरलेलं आहे.

१८. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी हे चालेल का?

नक्की चालेल, नववीला गतीचा धडा असतोच. डायनो घ्या. तक्त्यावर डावीकडे उंची खरी धरून आलेले आकडे लिहा, उजवीकडे गुरुत्व खरं धरून आलेले. प्रत्येक मोजमाप पाच वेळा करा आणि पाचही आकडे दाखवा, न जुळणाराही. मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर ठेवा आणि खुणांची प्लॅस्टिकची पट्टी सोबत न्या. बघायला आलेल्यांच्या हातात ती दिली की लोक स्वतःच मोजायला लागतात.